पाणी घाला हे सगळेच सांगतात, पाणी काढा हे कोण सांगणार?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बागेचं जे सदर येतं त्याबद्दल लिहायलेय. सदर मी नेमानं वाचते, कात्रणं काढून वहीत चिकटवते, त्यामुळं कुणी वैरी लिहायलाय असं समजू नका. पण यंदा, म्हणजे २०२५ साली, मे महिन्यात त्या सदरात जे आलं ते वाचून आमच्या कॉलनीतले सगळे हसले. उन्हाळा आहे तर सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, शेडनेट बांधा, कुंड्यांखाली पाणी भरलेल्या ताटल्या ठेवा म्हणजे गारवा राहतो, झाडाच्या बुडाशी आळं मोठं करा. आणि इकडं परभणीत आभाळ भरलेलं, अंगणात घोटाभर चिखल अन् पेपर टाकणारा पोरगा रेनकोट घालून आलेला. पेपर पण ओलाच होता.

आता यात तुमच्या लेखकाचा फार दोष नाही ओ. लेख आधीच लिहून दिलेला असणार, आणि मे म्हणलं की ऊन हे डोक्यात इतकी वर्षं बसलंय की खिडकीतून बाहेर बघायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून आम्ही मिरवतो, त्या मिरवण्यात इथल्या उन्हाचा पण वाटा धरावा लागेल, दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. वळवाचा पाऊस आम्हाला नवा नाही. संध्याकाळी वावटळ उठते, चार मोठे थेंब, गडगडाट, लाइट जाते, तासाभरात आभाळ मोकळं अन् सकाळी पुन्हा तेच ऊन. यंदाचा तसला नव्हताच. कृत्तिका नक्षत्रातच तो मुक्कामाला आला, दिवसचे दिवस ऊन नाही, माती वाळायच्या आत पुढची सर हजर. कुरडया-पापड घरात फॅनखाली वाळवले, लोणच्याच्या कैऱ्या भिजल्या. तिकडं केरळात मान्सून २४ मेला पोचला, नेहमीची तारीख १ जून, २००९ नंतर इतक्या लवकर तो आलाच नव्हता, आणि मुंबईत ११ जूनच्या सुमाराला येणारा पाऊस २६ मेलाच येऊन बसला. म्हणजे अवकाळी कुठं संपला अन् मान्सून कुठं सुरू झाला हे आमच्या झाडांना काही कळायला मार्ग नव्हता.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की मराठवाड्यातल्या माणसाला झाडाला पाणी कसं पुरवून पुरवून घालायचं हे सगळं येतं, पण झाडाखालचं पाणी काढून कसं द्यायचं हे कुणाला येत नाही, कारण तशी वेळच कधी आली नाही. आमची अख्खी बागकामाची अक्कल टंचाईतून आलेली. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, मोरीचं पाणी पाट काढून केळीला, उलटी बाटली टोचून ठेवायची, मडक्याला बारीक भोक पाडून बुडाशी पुरायचं. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, तेव्हा आम्ही इथं आंघोळीच्या बादलीत उभं राहून आंघोळ करत होतो म्हणजे तेच पाणी जास्वंदीला घालता येईल. अशा घरातल्या माणसाला तुम्ही म्हणा की बाई, झाडाचं आळं फोड आणि पाणी वाहून जाऊ दे, तर हात धजत नाही. पाप केल्यासारखं वाटतं. आमच्या सासूबाई तर त्या दिवशी बोलल्याच नाहीत माझ्याशी.

पण फोडावं लागतं, आणि त्याचं कारण आमची माती. तुमच्या सदरात नेहमी लाल माती, कोकोपीट, परलाइट असलं काहीतरी असतं, ते पुण्या-मुंबईच्या गॅलरीत ठीक आहे. आमच्याकडं घर बांधताना जे खोदलं तीच काळी माती अंगणात पसरलेली असते. ही माती पाणी प्याली की फुगते, तिच्यातल्या सगळ्या बारीक फटी बुजून जातात आणि मग वरून कितीही ओता, खाली जायला वाट नसते, आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात हीच तिची मोठी गोष्ट, धरलेलं पाणी ती सोडत नाही, म्हणून तर आमची झाडं जगतात. सतत पावसात तोच गुण अंगाशी येतो. मुळांना पाणी लागतं तशी हवा पण लागते, मातीच्या फटीत सगळं पाणीच भरलं की मुळं गुदमरतात, काळी पडतात, सडतात. आणि सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत.

इथंच सगळी गल्लत होते बघा. मुळं पाणी ओढत नाहीत म्हणल्यावर झाड वरून मान टाकतं, पानं लोंबायला लागतात, अगदी तहानलेल्या झाडासारखी, आणि चार दिवसांच्या ढगाळीनंतर एक कडक ऊन पडलं की हे हमखास होतं. मग आपण काय करतो, अरेरे सुकायलंय म्हणून पाइप सोडतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या दारची पपई अशीच गेली, फळांनी लगडलेली होती. मी म्हणलं काकू पाणी नका घालू, तर म्हणल्या अगं पानं बघ की कशी लोंबायलीत, तहान लागलीय बिचारीला. पपई तर असल्या बाबतीत फारच नाजूक, बुडाशी दोन दिवस पाणी तुंबलं तरी ती परत उठत नाही. माझे दादा मानवत तालुक्यात शेती करतात, कापूस, सोयाबीन, ते सांगतात की कपाशीत पण हेच होतं, ताण पडलेल्या पिकावर एकदम मोठा पाऊस झाला की हिरवीगार झाडं उभ्या उभ्या सुकतात, आकस्मिक मर म्हणतात त्याला, आणि त्याच्यावर पहिला उपाय औषध नसून पाणी बाहेर काढणं हाच आहे.

दादांनी शिकवलेली अजून एक गोष्ट तुमच्या सदरात एकदा तरी यावी अशी माझी फार इच्छा आहे, ती म्हणजे वाफसा बघणं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही पण शहरातल्या बागवाल्याला कुणी सांगतच नाही. वरची माती बोटानं बाजूला करायची, चार बोटं खालची मूठभर माती घ्यायची आणि दाबायची. गोळा झाला आणि हातातून खाली टाकल्यावर फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, खुरपा, लावा, खत घाला, काय करायचं ते करा. गोळा फुटलाच नाही, हाताला चिकटला, बोटांचे ठसे उमटले तर वाफ्यात पाय पण घालू नका. ओल्या काळ्या मातीत खुरपं चालवलं की वाळल्यावर विटेसारखी ढेकळं होतात, ती मग वर्षभर फुटत नाहीत. आणि पाणी द्यायचं का नाही हे पण याच मुठीवर ठरवायचं, कॅलेंडरवर नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी द्या हा सल्ला महिना बघून दिलेला असतो. मूठ बघून दिलेला सल्ला मे महिन्यात पण चुकत नाही.

आता आम्ही यंदा काय काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर झाला. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं वेलाची आळी घालायची पद्धत आहे, दोडका, कारलं, भोपळा, त्या दिवशी बी टोकलं की पाऊस येईपर्यंत वेल मांडवावर चढतो. यंदा अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, बी टोकलं, उगवलं पण छान, आणि मग पाऊस सुरू झाला. आळं म्हणजे खळगा, त्यात पाणी साचलं आणि दुपानी रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडायला लागली, ती बुरशीची रोपमर. मग उरलेल्या आळ्यांची बाजू कुदळीनं फोडली, मधली माती उचलून उंचवटा केला आणि बी त्या उंचवट्यावर पुन्हा टोकलं, दोडक्याचा वेल आता मांडवावर आहे. आळं उलटं केलं एवढंच. पालेभाजीचे सपाट वाफे होते ते मोडून वीतभर उंचीचे गादीवाफे केले, दोन वाफ्यांच्या मध्ये नाली. शेतात सोयाबीनसाठी बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा सरी करतात ना, तीच गोष्ट छोट्या मापात. तिचा फायदा दुहेरी आहे, पाऊस जास्त झाला की नालीतून जादा पाणी निघून जातं आणि उघडीप पडली की नालीत मुरलेली ओल वरंब्याला कामाला येते.

पण नाली काढून पाणी नेणार कुठं? इथं खरी अडचण. आमच्या कॉलनीत सगळ्यांची कंपाउंड पक्की, खाली एक भोक नाही, कारण बांधताना विचार एवढाच होता की थेंब बाहेर जाता कामा नये. त्यावर आता पेव्हर ब्लॉकची फॅशन, दारापासून गेटपर्यंत सगळं झाकलेलं, मधे झाडाला हातभर चौकोन सोडलेला, मग सगळ्या अंगणाचं पाणी उतार धरून त्याच चौकोनात. आणि गच्चीचा पाइप! हा तर कुणाच्या लक्षातच येत नाही. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटरच्या वर पाणी होतं, आणि ते सगळं एका पाइपातून एका कोपऱ्यात, जिथं बहुतेक घरात जास्वंद नाहीतर कढीपत्ता लावलेला असतो. त्या कोपऱ्यातल्या झाडावर त्याच्या वाट्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. आम्ही पाइपाला एल्बो लावून पाणी टाकीत घेतलं, टाकी भरली की जादा पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात, आणि कंपाउंडच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक वीट काढून जाळी बसवली. त्या कोपऱ्यात आता कर्दळ आणि आळू लावलाय, त्यांना ओल चालते, वडीला पानं पण मिळतात.

तुळशीचं सांगायचं राहिलं. किती घरातल्या तुळशी यंदा गेल्या याची मोजदाद केली तर लोकांना अपशकून वाटेल, पण कारण अपशकुनाचं नाही, वृंदावनाचं आहे. सिमेंटचं वृंदावन, वरून टाइल्स, खाली तळाला भोक नाही, वर पावसाचं पाणी आणि त्यात रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचं व्रत. तुळस ही माळरानावर पण येणारी, तिला एवढं पाणी कशाला. ज्यांना शक्य आहे त्यांनी वृंदावनाच्या तळाशी ड्रिलनं एक भोक पाडून घ्यावं आणि पावसाच्या दिवसात पळीभर पाणी घालून नमस्कार करावा, तुळशीला चालतं. आमच्या सासूबाईंना पण आता पटलंय, म्हणजे बोलायला लागल्यात.

फुलांची गंमत वेगळीच झाली. मोगरा आमच्याकडं उन्हाळ्याचा राजा, एप्रिल-मेच्या उन्हात त्याला बहर येतो, संध्याकाळी ओंजळ भरते. यंदा कळ्या आल्या आणि पावसानं भिजून तांबूस होऊन गळाल्या. कागदीफूल म्हणजे बोगनवेल, जी एरवी मे महिन्यात पान दिसू नये इतकी गुलाबी असते, ती यंदा नुसती हिरवी, भिंतीवर लांब लांब काटेरी फांद्या आणि फूल एक नाही. लोक विचारायलेत की खत कोणतं घालू. खत नका घालू ओ! या झाडांना फूल यायला पाण्याचा ताण लागतो, ताण बसला नाही म्हणून ती पानांवर गेली. लिंबाचं पण तेच. जालन्याकडचे मोसंबीवाले एप्रिल-मेमध्ये बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात आणि जूनच्या पावसावर मृग बहार फुटतो, हे सगळं गणित मे कोरडा असेल तर. मेमध्ये पाऊसच थांबेना तर ताण कसा बसणार. दारातल्या एका लिंबाच्या झाडानं माझं काही अडत नाही, बाजारातून आणीन, पण ज्याची पाच एकर मोसंबी आहे त्याचं वर्ष जातं. मी माझ्या मोगऱ्याचं रडायलेय आणि त्याच पावसात कुणाचा काढलेला कांदा भिजलाय, हे मला कळतं, म्हणूनच बागेचं पान आणि शेतीचं पान पेपरात इतकं लांब लांब का असतं असं वाटतं. ज्या गोष्टी आम्हाला पाहिजे होत्या त्या सगळ्या शेतीच्या पानावर होत्या.

लिंबावर अजून एक, पावसाळी हवेत पानांवर, फळांवर खरबरीत तपकिरी डाग येतात तो खैऱ्या रोग. रोगट फांद्या छाटून जाळायच्या आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड एका लिटरला अडीच ग्रॅम या हिशोबानं उघडीप बघून फवारायचं. हेच औषध मूळकूज लागलेल्या झाडाच्या बुडाशी पण ओततात. मात्र ज्यांनी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून घातलाय त्यांनी त्याच आठवड्यात हे तांब्याचं औषध ओतू नये, ट्रायकोडर्मा ही पण बुरशीच आहे, कामाची बुरशी, ती पण मरते आणि दोन्हीचे पैसे वाया. दुकानदार हे सांगत नाही, तो दोन्ही पुड्या एका पिशवीत घालून देतो.

पिवळ्या पानांचं पण तसंच. एका नर्सरीवाल्यानं आमच्या मैत्रिणीला पिवळेपणा दिसला म्हणून युरिया दिला. पण जरा पान निरखून बघायला पाहिजे. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी झाली तर नत्र कमी पडलंय, पावसानं धुवून नेलेलं असतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी, आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत पाणी तुंबलं की हे होतंच, मातीत लोह असतं पण झाडाला उचलता येत नाही. त्याला युरिया घालून काय होणार. हिराकस, म्हणजे लोह असलेलं फेरस सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत, संध्याकाळी पानांवर फवारायचं, आणि मुळाशी वाफसा आला की बऱ्याचदा झाड आपलं आपण हिरवं होतं.

बरं, पावसाला नुसतीच नावं ठेवायची नाहीत. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, पानांच्या कडा जळतात. वर्षानुवर्षं त्याच पाण्यावर काढलेल्या झाडांना यंदा गोडं पाणी मिळालं, मातीतला क्षार धुवून खाली गेला, आणि ज्या कुंड्यांना खाली नीट भोकं होती त्यातली झाडं अशी तरारली की ओळखू येईनात. पिठ्या ढेकूण दरवर्षी जास्वंदीला छळतो, तो पावसाच्या माऱ्यानं धुवून गेला. गवती चहा, ब्राह्मी मस्त. म्हणून म्हणते, पाऊस वाईट नव्हता, त्याला जायला वाट नव्हती. आणि एवढा पाऊस होऊन नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे विचारू नका, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे आणि ते पत्र तुम्ही छापणार नाही.

कुंडीखालच्या ताटल्यांचं मात्र छापाच. तुमच्या सदरातला हा सल्ला पावसात सरळसरळ घातक आहे. ताटलीत स्वच्छ पाणी साठतं, डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे उडते डास तयार होतात. ताटल्या काढून कुंड्या दोन विटांवर ठेवायच्या, खालचं भोक काडीनं मोकळं करायचं. झाडाच्या बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा हे पण दर उन्हाळ्यात असतं, चांगलंच आहे ते, पण सतत पावसात आच्छादन खोडापासून हातभर लांब सरकवा हे कुणीतरी सांगायला पाहिजे, नाहीतर खोडाची साल कुजते.

आणि मग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस गेला की दडी मारून! कृषी विभाग आधीपासून सांगत होता की मेमधल्या पावसावर भुलून पेरणीची घाई करू नका, ते बरोबर ठरलं. त्या उघडिपीत बागेचं पुन्हा उलटं काम, सरकवलेलं आच्छादन परत बुडाशी ओढायचं, संध्याकाळी मूठ दाबून बघायचं आणि लागलं तरच पाणी. काळ्या मातीला वरून पापुद्रा धरतो, भेगा पडायला लागतात, ते बघून लोक पाइप घेऊन धावतात पण खाली चार बोटांवर ओल असते. अशा वेळी पाण्याच्या आधी हलकी खुरपणी, भेगा बुजल्या की ओल टिकते.

तर माझं मागणं. आमच्या परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १९७२ साली, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळाच्याच साली सुरू झालेलं. तिथून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मराठवाड्यासाठी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो, पुढच्या चार-पाच दिवसांत पाऊस किती, वारा किती, कोणत्या पिकाला काय करायचं, फवारणी पुढं ढकला का उरका, सगळं मराठीत. तुमच्या रविवारच्या सदराला शुक्रवारचा सल्ला सहज मिळू शकतो. त्यातल्या दोन ओळी बागेच्या सदरात वर चौकटीत टाका, आणि लेखकाला सांगा की लेख आधी लिहून ठेवला तरी हरकत नाही, पण छापायच्या आधी एकदा त्या चौकटीशी ताडून बघा. पाऊस असेल तर सकाळ-संध्याकाळ पाणी द्या ही ओळ तेवढी कापा. आणि वर्षातून एखादा लेख काळ्या मातीवर येऊ द्या, कोकोपीटवर नाही, तो लिहायला बाहेरचा तज्ज्ञ आणायची गरज नाही, विद्यापीठात विचारा नाहीतर कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, आमच्या दादांना विचारलं तरी ते दोन तास बोलतील.

आपली नेहमीची वाचक,
परभणी

ता. क. – गोगलगायींचं लिहायचं राहूनच गेलं. २०२२ साली लातूर, धाराशिव, बीडकडं शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन खाऊन टाकलं होतं, तीच मोठी गोगलगाय आता घरच्या बागेत पण दिसायलीय, दिवसा विटांखाली, कुंडीखाली आणि रात्री पालकावर. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याशेजारी टाकायचं, सकाळी उलटं केलं की सगळ्या खाली गोळा झालेल्या असतात, हातमोजे घालून उचलायच्या आणि बादलीत मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ वाफ्यात शिंपडायचं नाही, गोगलगाय मरेल पण आमच्या मातीत आधीच क्षार आहे. गोळ्यांचं विषारी आमिष मिळतं बाजारात, ज्यांच्या घरी कुत्रं किंवा लहान मूल आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.